उन्हात ठेवलेले पाणी जळण देईल का?

गेल्या ईदला घरी सगळे जमले होते. शीरखुर्मा झाला, गप्पा रंगल्या आणि मुलांच्या मामूंनी मोबाईलवर आलेला एक व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. एक माणूस मोटारसायकलला जोडलेल्या डब्यात बाटलीभर पाणी ओततो, किक मारतो आणि गाडी सुरू होते. खाली लिहिलेले: ‘पेट्रोलची गरज संपली!’ मामू म्हणाले, “बघा, हे लोकांपर्यंत पोहोचू देत नाहीत.”

बारावी सायन्सला असलेली आमची मुलगी हळूच म्हणाली, “मामू, पाणी म्हणजे आधीच जळून झालेला हायड्रोजन. राख पुन्हा जळते का?”

मामू क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी विचारले, “ठीक आहे. पण मग झाड कसं करतं? त्याला तर पाणी, हवा आणि ऊन एवढंच मिळतं. त्यातूनच लाकूड तयार होतं ना? आणि लाकूड जळतं!”

खरे सांगायचे तर आम्हाला मुलीचे उत्तरही पटले आणि मामूंचा प्रश्नही. दोघेही बरोबर होते. पाणी जळत नाही हे खरे. पण उन्हाची ताकद वापरून पाण्याचे तुकडे करता येतात, हेही खरे. झाड तेच करते. माणसाला ते करता येईल का, या एका प्रश्नामागे शास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या लागले आहेत. त्या विद्येला प्रकाशविद्युत रसायनशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या घरात बसून समजण्यासारखी आहे.

आधी हिशोब

पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. 9 लिटर पाण्याचे पूर्ण तुकडे केले तर 1 किलो हायड्रोजन आणि 8 किलो ऑक्सिजन मिळतो. त्यासाठी कमीत कमी 39 युनिट वीज लागते. कारखान्यातल्या यंत्रांना प्रत्यक्षात 50 युनिटच्या आसपास लागते. तो 1 किलो हायड्रोजन जाळला की पुन्हा 9 लिटर पाणी तयार होते आणि जास्तीत जास्त तीच 39 युनिट ऊर्जा परत मिळते. एक पैसाही जास्त नाही.

म्हणून पाण्यावर चालणारी गाडी हा हिशोबातच न बसणारा दावा आहे. गाडीतल्या बॅटरीने पाणी फोडायचे, त्या हायड्रोजनवर गाडी चालवायची आणि त्याच गाडीने बॅटरी भरायची, म्हणजे उजव्या खिशातले पैसे डाव्या खिशात टाकून श्रीमंत होण्यासारखे आहे. शिवाय प्रत्येक वेळी थोडे पैसे खाली सांडणारच.

ऊर्जा बाहेरून यायला हवी. आणि आपल्याकडे बाहेरून फुकट येणारी ऊर्जा एकच आहे, ती म्हणजे ऊन.

पॅरिसमधला एकोणीस वर्षांचा मुलगा

1839 साली पॅरिसमध्ये एदमाँ बेक्वेरेल नावाचा 19 वर्षांचा तरुण वडिलांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. त्याने आम्लाच्या पाण्यात प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या बुडवल्या. पट्टीवर चांदीच्या क्षाराचा थर होता. त्यावर प्रकाश पडताच पट्ट्यांना जोडलेल्या तारेतून वीज वाहू लागली. अंधार केला की वीज थांबे.

प्रकाशातून थेट वीज मिळते हे माणसाने पहिल्यांदा पाहिले ते असे, पाण्यात बुडवलेल्या पट्टीवर. आज आपल्या गच्चीवर दिसणारी काळी-निळी सोलर पॅनेल त्यानंतर 115 वर्षांनी आली. बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा उपयोगी पडेल असा सौर घट 1954 साली दाखवला.

बेक्वेरेलला वीज मिळाली, पण ती का मिळाली हे सांगता आले नाही. ते सांगण्यासाठी लागणारे ज्ञानच तेव्हा नव्हते. त्याची टिपणे मात्र नीट होती, म्हणून पुढच्या पिढ्यांना ती उपयोगी पडली.

ना धड धातू, ना धड काच

तांब्याच्या तारेतून वीज सहज वाहते. काचेतून वाहत नाही. या दोघांच्या मधले काही पदार्थ असतात. एरवी ते फारशी वीज जाऊ देत नाहीत, पण ऊब, प्रकाश किंवा थोडी भेसळ मिळाली की देतात. त्यांना अर्धवाहक म्हणतात. आपल्या मोबाईलमधली चिप ज्याची बनते तो सिलिकॉन हा त्यातला सर्वांत ओळखीचा.

अर्धवाहकातले इलेक्ट्रॉन दुमजली घराच्या तळमजल्यावर बसलेले आहेत असे समजा. मध्ये जिना नाही. वरच्या मजल्यावर जायचे तर एकाच उडीत जायला हवे. प्रकाशाचा कण येऊन धडकला आणि त्याच्यात पुरेशी ताकद असली, तर इलेक्ट्रॉन वर जातो आणि खाली त्याची जागा रिकामी राहते. मजल्याची उंची किती, यावर कोणता प्रकाश चालेल ते ठरते. उंची कमी असेल तर तांबडा प्रकाशही पुरतो. उंची जास्त असेल तर जांभळा किंवा त्याहून तीव्र अतिनील प्रकाशच लागतो.

वर गेलेला इलेक्ट्रॉन लगेच खाली पडला तर सगळे फुकट. इथेच पाण्याचा उपयोग होतो. अर्धवाहक पाण्यात बुडवला की दोघांच्या सीमेवर, अर्धवाहकाच्या पृष्ठभागाखाली, आपोआप एक विजेचा उतार तयार होतो. त्या उतारावरून इलेक्ट्रॉन एका बाजूला जातो आणि रिकामी जागा दुसऱ्या बाजूला. दोघांची ताटातूट झाली की त्यांच्याकडून काम करून घेता येते.

हे नीट उलगडायला शतकाहून अधिक काळ लागला. ट्रान्झिस्टरच्या शोधातले एक भागीदार वॉल्टर ब्रॅटन यांनी सहकारी गॅरेट यांच्यासह 1955 साली जर्मेनियमचा तुकडा विद्रावात बुडवून त्याच्यावर प्रकाश टाकून काय होते ते मोजले. पुढे जर्मनीत हाइन्झ गेरिशर यांनी या विषयाला पक्का पाया दिला. गेरिशर लाइपझिगमध्ये शिकत होते तो नाझींचा काळ. त्यांची आई ज्यू वंशाची, एवढ्या कारणावरून त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. युद्धाच्या त्या वर्षांत घरावर जे ओढवले ते सोसून हा माणूस पुन्हा प्रयोगशाळेत उभा राहिला आणि अर्धवाहक व विद्राव यांच्यात इलेक्ट्रॉनची देवघेव कशी होते याचे नियम त्याने मांडले. आजही या विषयाचा विद्यार्थी सुरुवात तिथूनच करतो.

टोकियोतले बुडबुडे

गेरिशर आणि त्यांच्या काळचे संशोधक जे अर्धवाहक वापरत, त्यांतल्या बहुतेकांची एकच तक्रार होती. पाण्यात ठेवून प्रकाश टाकला की ते स्वतःच विरघळू लागत. जर्मेनियम, झिंक ऑक्साइड, कॅडमियम सल्फाइड, सगळ्यांची तीच गत. पाणी फुटण्याऐवजी पट्टीच झिजायची.

1960 च्या दशकाच्या शेवटी टोकियो विद्यापीठात केनिची होंडा यांच्या हाताखाली अकिरा फुजिशिमा नावाचा विद्यार्थी काम करत होता. त्याने टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक घेतला. हा पदार्थ आपल्याला अनोळखी नाही. भिंतीच्या पांढऱ्या रंगात, टूथपेस्टमध्ये, चेहऱ्याच्या पावडरीत तो असतो. फुजिशिमाने तो पाण्यात बुडवून तारेने प्लॅटिनमला जोडला आणि त्याच्यावर तीव्र दिव्याचा झोत टाकला. स्फटिकावर बुडबुडे आले. तो ऑक्सिजन होता. प्लॅटिनमवर हायड्रोजन येत होता. आणि प्रयोगानंतर स्फटिक पाहिला तर तो जसाच्या तसा, चकचकीत.

देशातल्या अनेक जाणकारांनी यावर विश्वास ठेवला नाही. इतक्या कमी दाबाच्या विजेवर पाण्यातून ऑक्सिजन निघूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकाश स्वतः कामाला लागला आहे ही गोष्ट त्यांच्या हिशोबात नव्हती. होंडा आणि फुजिशिमा मोजमाप करत राहिले. 1972 साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा छोटासा लेख आला आणि जगाचे लक्ष गेले. 1 जानेवारी 1974 रोजी जपानच्या ‘असाही शिंबुन’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. फुजिशिमांनी नंतर दिव्याऐवजी खरे ऊन वापरून पाहिले. हायड्रोजन मिळाला, पण पडलेल्या उन्हातली अर्धा टक्का ऊर्जाही त्यात उतरली नव्हती. कारण टायटॅनियम डायऑक्साइडचा मजला फार उंच आहे. त्याला अतिनील किरणच लागतात आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात ते जेमतेम चार-पाच टक्के असतात. बाकीचे लख्ख ऊन त्याला दिसतच नाही.

तेल महागले आणि दोन वाटा निघाल्या

त्या लेखाकडे जगाचे लक्ष इतके का गेले? ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला. काही महिन्यांत तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना तो काळ वेगळ्या कारणाने आठवत असेल. तेलाचा पैसा आला, आखाती देशांत रस्ते, बंदरे, इमारती उभ्या राहू लागल्या आणि रत्नागिरी, रायगडच्या गावागावांतून तरुण कुवेत, दुबई, सौदीला निघाले. कोणाचे अब्बा, कोणाचे चाचा, कोणाचे मामू. मनीऑर्डर आणि ड्राफ्टवर घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, मुले शिकली. ज्या भाववाढीने कोकणातल्या मुलाला विमानात बसवले, त्याच भाववाढीने अमेरिका, युरोप, जपानमधल्या रसायनशास्त्रज्ञांना फुजिशिमांच्या पट्टीकडे वळवले. तेल संपले किंवा अडले तर पुढे काय, हा प्रश्न आता सरकारांना पडला होता आणि संशोधनाला पैसा मिळू लागला.

ज्याला दिसते ते टिकत नाही

संशोधकांनी कमी उंचीच्या मजल्याचे पदार्थ शोधायला घेतले. कॅडमियम सल्फाइड पिवळे असते, कॅडमियम सेलेनाइड गडद लालसर. रंग आहे याचाच अर्थ ते दिसणारा प्रकाश शोषतात. पण जुनी तक्रार पुन्हा समोर आली. प्रकाश पडताच ते पाण्यात गळू लागत.

1976 च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी, इस्रायलमधील वाइझमन संस्था आणि बेल प्रयोगशाळा इथल्या गटांनी यावर तोड काढली. त्यांनी साध्या पाण्याऐवजी गंधकाच्या क्षारांचा विद्राव वापरला. पट्टीला झिजवायला निघालेली ती रिकामी जागा आधी विद्रावातल्या गंधकाकडून इलेक्ट्रॉन घेते आणि पट्टी वाचते. वीज मिळू लागली. मात्र पाणी फुटत नव्हते, म्हणजे जळण मिळत नव्हते. एक मिळवले तर दुसरे सुटले.

या कामात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात एस. एच. पवार, सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा अर्धवाहकांचे पातळ थर तयार करून प्रकाशविद्युत घटांत त्यांची परीक्षा घेतली. महागडी निर्वात यंत्रे न वापरता, काचेच्या भांड्यातल्या विद्रावात काच बुडवून तिच्यावर थर जमू द्यायचा, ही त्यांची एक मुख्य पद्धत. त्यांचे शोधनिबंध जगभर वाचले गेले. तालुक्याच्या गावातून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली मुलेही जगाच्या पुढच्या रांगेतल्या विषयावर काम करू शकतात, याचा हा पुरावा आहे.

1977 साली गेरिशर यांनी कोणता अर्धवाहक प्रकाशात टिकेल आणि कोणता गळेल हे आधीच ओळखण्याची रीत मांडली. तिच्यातून दिसले ते थोडक्यात असे: ज्याला ऊन चांगले दिसते ते बहुधा पाण्यात टिकत नाही आणि जे टिकते त्याला ऊन फारसे दिसत नाही. या विषयाची सगळी धडपड आजपर्यंत याच पेचाभोवती फिरते आहे.

रंगाची उधारी

पेचातून एक वाट रंगाने दाखवली. टायटॅनियम डायऑक्साइड टिकाऊ पण ऊन न पाहणारा. मग त्याला दुसऱ्याचे डोळे दिले तर? त्याच्यावर रंगाचा एक अगदी पातळ थर बसवायचा. ऊन रंग शोषतो आणि इलेक्ट्रॉन टायटॅनियमच्या हातात देतो. ही कल्पना जुनी होती, पण गुळगुळीत पृष्ठभागावर रंग बसतोच किती? 1991 साली स्वित्झर्लंडमधील लोझान इथे ब्रायन ओ’रेगन आणि मिखाएल ग्रेत्झेल यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण एकत्र भाजून स्पंजासारखा थर बनवला. रंगाला बसायला शेकडो पट जागा मिळाली. घटाची कार्यक्षमता एकदम 7 टक्क्यांच्या वर गेली.

दोन वर्षांनी ती 10 टक्क्यांपर्यंत नेणारा रुथेनियम धातूचा रंग आला. त्या शोधनिबंधावर पहिले नाव होते मोहम्मद खाजा नझीरुद्दीन यांचे. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन ते लोझानला गेले होते. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही त्यांच्या गटाने तयार केलेले रंग मापदंड म्हणून वापरले जातात. घरातल्या विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना हे नाव जरूर सांगावे.

याच वाटेवरून आणखी एक शोध लागला. होंडा यांच्याच प्रयोगशाळेत डॉक्टरेट केलेले त्सुतोमु मियासाका यांनी 2009 साली रंगाच्या जागी पेरोव्हस्काइट नावाचा पदार्थ वापरला. पहिला घट 3.8 टक्क्यांचा होता आणि विद्रावात लवकर गळून जाई. पुढे विद्राव काढून टाकून कोरडा घट बनवला गेला आणि आज ती कार्यक्षमता 25 टक्क्यांच्या पुढे गेली आहे.

आज कुठे आहोत?

आता मामूंच्या प्रश्नाकडे. ऊन आणि पाणी यांतून थेट जळण मिळते का? मिळते. 1998 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत खासेलेव आणि टर्नर यांनी महागड्या अर्धवाहकांचे थर रचून 12.4 टक्के कार्यक्षमतेने पाण्यातून हायड्रोजन काढला. पण ती पट्टी काही तासांतच झिजू लागली. दुसऱ्या टोकाला 2021 साली जपानच्या काझुनारी दोमेन यांच्या गटाने 100 चौरस मीटरची, अर्धवाहकाच्या पावडरीची पॅनेल उघड्या उन्हात ठेवून काही महिने चालवली. ती टिकली, पण कार्यक्षमता जास्तीत जास्त 0.76 टक्के. पुन्हा तोच पेच!

म्हणून आजच्या घडीला सोपी वाट दुसरीच आहे. गच्चीवरच्या साध्या पॅनेलमधून वीज घ्यायची आणि वेगळ्या यंत्रात पाणी फोडायचे. भारत सरकारने जानेवारी 2023 मध्ये मंजूर केलेले हरित हायड्रोजन अभियान मुख्यतः याच वाटेने जाणार आहे. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हायड्रोजनचे उद्दिष्ट त्यात आहे. एकाच पट्टीत सगळे काम होईल, ती स्वस्त असेल आणि वर्षानुवर्षे टिकेल, तो दिवस अजून यायचा आहे.

मग इतक्या वर्षांची मेहनत वाया गेली का? नाही. फुजिशिमांच्या टायटॅनियम डायऑक्साइडने उन्हात पाण्याचे फारसे इंधन केले नाही, पण त्याच गुणामुळे तो उन्हात मळ आणि जंतू मोडून काढतो हे लक्षात आले. त्यातून स्वतः स्वच्छ राहणाऱ्या फरशा आणि काचा बनल्या. मागितले एक, मिळाले दुसरे, असे संशोधनात वरचेवर घडते.

घरात करून पाहण्यासारखे

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांना रंगाचा घट करता येतो. त्याला वीज वाहून नेणारी खास काच, टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर, आयोडीनचा विद्राव आणि डाळिंबाचा किंवा जांभळाचा रस लागतो. खास काच बाहेरून मागवावी लागते आणि थर भट्टीत भाजावा लागतो, म्हणून शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. पण डाळिंबाच्या रसाने रंगलेली काच उन्हात धरली आणि मीटरचा काटा हलला की मुलाच्या मनात जे बसते ते दहा धड्यांनी बसत नाही. पाणी फोडून हायड्रोजन साठवण्याचा प्रयोग मात्र घरी अजिबात करू नये. तो वायू चटकन पेट घेतो आणि त्याची ज्योत दिवसा दिसतही नाही.

आणि पुढच्या वेळी मोबाईलवर असा व्हिडिओ आला तर तो पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ऊर्जा आली कुठून? किती गेली आणि किती परत मिळाली, हे कोणी मोजले का? आणि ते यंत्र किती दिवस टिकले? होंडा आणि फुजिशिमांवर लोकांनी विश्वास ठेवला नाही तेव्हा त्यांनी कोणाला दोष दिला नाही. त्यांनी आकडे पुढे ठेवले.

त्या संध्याकाळी आम्ही यातले थोडेसे मामूंना सांगितले. त्यांनी व्हिडिओ पुसून टाकला. मग भाचीला जवळ बोलावून म्हणाले, “ती न झिजणारी पट्टी अजून कोणाला सापडली नाही म्हणतेस ना? मग बारावीनंतर तू हेच शीक. फीचं मी बघतो.”